ससा आणि मुशी यांचा तुलनात्मक तक्ता

मुनेकाने या आडनावाचे यासुहिको चारचौघांत एकच वाक्य बोलले, त्या वाक्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या, आणि पुढच्या सात आठवड्यांत जे व्हायचं ते झालं.

वाक्य असं होतं: "मुशी अंडी घालते आणि रानससा बिळात पिल्लं देतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं."

प्रसंग गावदेवाच्या जत्रेच्या जेवणाचा. हिरोशिमाच्या उत्तरेच्या त्या डोंगरांतून समुद्र कुठूनही दिसत नाही, पण पानात मुशीचे, म्हणजे शार्कचे, कच्चे काप पडल्याशिवाय जत्रा झाली असं तिथे कोणी धरत नाही. मुशी लवकर नासत नाही. बैलाच्या पाठीवरून बंदरापासून डोंगरात यायला दिवसचे दिवस लागत, तेव्हा इथवर खाण्याजोगी पोचणारी मासळी ही एकच. त्यामुळे मुशीबद्दल आपल्याला सगळं कळतं, असा त्या खोऱ्यातल्या प्रत्येकाचा समज आहे. मुनेकानेंचाही होता.

"दाजी," समोर बसलेला तेरुकी म्हणाला. तेरुकी हा त्यांच्या बायकोचा, चिझुयोचा, धाकटा भाऊ. धंदा मासळीचा. "तुमच्या पानात आहे ती काटेरी मुशी. ती अंडी घालत नाही, पिल्लं देते. आणि बीळ करतो तो पाळायचा विलायती ससा. आपल्या रानसशाला कसलं आलंय बीळ? उघड्यावर जन्मतो बिचारा, डोळे उघडे ठेवून."

यावर कोणी हसलं नसतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण वाडी मंडळाचे अध्यक्ष हिरोनाका यांनी साकेचा पेला खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अडतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसले, आणि जन्माचीच नोंद चुकली!"

सगळं पंगतघर हसलं. चिझुयोसुद्धा हसली. नंतर तिने खोकल्यासारखं केलं, पण मुनेकानेंनी पाहिलं होतं.

मुनेकाने चिडले नाहीत. ते चिडत नसत, ते लेखी कळवत असत. घास गिळून, तोंड पुसून ते म्हणाले, "हरकत नाही. सभागृहाच्या वर्षअखेरीच्या प्रदर्शनात मी दोन्ही प्राण्यांचा तुलनात्मक तक्ता लावतो. प्रत्यक्ष मापांसह. मग बघू."

काय बघणार होते ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन्ही बाबतींत ते चुकलेच होते, आणि तक्ता कितीही मोठा केला तरी ते बदलणार नव्हतं. पण निवृत्तीनंतर गावाच्या सभागृहाची देखभाल आठवड्यातले तीन दिवस त्यांच्याकडे असे, आणि त्या इमारतीतल्या भिंतीवर काय लागावं हे ठरवण्याचा अधिकार ही त्यांच्या हातात उरलेली शेवटची सत्ता होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टीने रकाने आखले. डावीकडे मुशी, उजवीकडे ससा. लांबी, वजन, आयुष्य, गर्भाचा काळ, पिल्लांची निगा, शत्रू, स्वसंरक्षणाचं साधन. पुस्तकं उघडली तर प्रत्येक पुस्तकात माप वेगळं. तेव्हा त्यांनी ठरवलं की मुशीही इथल्या पानातली घ्यायची आणि ससाही इथल्याच डोंगरातला. दोन्ही समोर ठेवून, आपल्या फितीने मोजून, मग लिहायचं.

"अहो, मी चुकलो एवढं म्हणा की," चिझुयो भांडी विसळत म्हणाली. "दोन शब्दांत होतंय."

"चूक दुरुस्त करायची तर पुरावा लागतो."

"दुरुस्त कुठे होतीये? ती तर बाळसं धरतीये."

बातमी वाडीत फिरली आणि सल्ले यायला लागले. हिरोनाका स्वतः आले. त्यांचं म्हणणं पडलं की सशाकडे हल्ली कुत्रं बघत नाही, तक्त्यात रानडुक्कर घ्या, भात तो खातोय. रानडुक्कर आणि मुशी यांची तुलना कशाला करायची, असं मुनेकानेंनी विचारलं. "मग सशाची तरी कशाला करायची?" हिरोनाका म्हणाले. मुनेकानेंनी चहा दिला. महिला मंडळाने सुचवलं की मोजून झाल्यावर दोन्हींचा रस्सा करावा, म्हणजे गर्दी तरी होईल. एकाने प्राण्यांना गोंडस चेहरे काढायला सांगितलं. मुनेकानेंनी सगळं वहीत टिपून घेतलं आणि काहीच केलं नाही. सरकारी नोकरीत हे अंगवळणी पडतं.

मुशी सोपी होती. तेरुकीला सांगितलं, की आठवड्याच्या आत बंदराहून अख्खी आली. हातभर नव्हे, चांगली सव्वादोन हात. करडी, पाठीवर दोन्ही परांच्या पुढे एकेक काटा, आणि डोळे हिरवट. तेरुकी म्हणाला, "दाजी, पोट साफ करून देतो. नाहीतर वास सुटेल."

"पोट काढलं तर वजन चुकेल."

"सशाची वाट बघत ठेवणार ना तुम्ही ही? मग साफ केलेली बरी."

"मुशी पंधरा दिवस टिकते," मुनेकाने म्हणाले. "हे तरी बरोबर आहे ना?"

तेरुकीने मुशी जाड कागदात गुंडाळली.

ती ठेवायची सभागृहाच्या फ्रिजमध्ये, आणि त्याला नगर कार्यालयाची परवानगी हवी. मुनेकाने गेले. ज्या खिडकीमागे ते अडतीस वर्षं बसले होते, त्या खिडकीमागे आता पंचविशीतली एक मुलगी होती. मुनेकानेंनी अर्ज सरकवला.

"ओळखपत्र?" मुलीने विचारलं.

"अहो, ह्या खुर्चीवर मीच होतो. ती खुर्चीवरची उशीसुद्धा माझीच आहे."

"हो का? छान. ओळखपत्र, आजोबा?"

मुनेकानेंचं वय चौसष्ट. नातवंड नाही, मूलही नाही. त्यांनी ओळखपत्र काढून दिलं. मुलीने ते पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा ते पाहिलं, मग अर्ज वाचला.

"मुशी खायला आहे की प्रदर्शनाला? खायची असेल तर स्वयंपाकघराचा दाखला लागेल. प्रदर्शनाची वस्तू असेल तर खाण्याच्या फ्रिजमध्ये ठेवता येणार नाही."

मुनेकानेंनी क्षणभर डोळे मिटले. असले प्रश्न लोकांना विचारण्यात त्यांची हयात गेली होती. मग त्यांनी शांतपणे लिहिलं: "सध्या खाद्यपदार्थ. पुढे प्रदर्शनवस्तू होण्याची शक्यता." अर्ज मंजूर झाला.

सशाचं तसं नव्हतं. डोंगरात आता एकच शिकारी उरला होता, साकोता उमेकिची. वय त्र्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी नजर कमी झाली म्हणून बंदूक जमा केलेली, पण तारेचे फास लावायचा परवाना अजून होता. मुनेकाने गेले तेव्हा म्हातारा ओसरीच्या फळीवर उन्हात बसला होता आणि बायको मासुनो सुकवायची पर्सिमॉनची फळं सोलून दोरीत ओवत होती.

"ससा?" साकोता म्हणाले. "कुठला ससा आता? सगळीकडे सरकारने लावलेली सुरूची झाडं. झाडं वाढली, खाली ऊन नाही, गवत नाही. ससा काय सुरूची सालं खाईल? सहा वर्षांत एक ठसा बघितला नाही मी."

"मला एकच हवाय, काका."

"ऐक!" म्हातारा बायकोला म्हणाला. "ह्याला एकच हवाय." आणि खूप दिवसांनी हसायला मिळाल्यासारखा हसला.

"ह्यांना माडीच्या पायऱ्या चढताना दम लागतो," मासुनो सालं काढता काढता म्हणाली. तिने वर पाहिलं नाही.

"पायऱ्यांनी लागतो. डोंगराला पायऱ्या कुठेयत?"

मोसम पंधरा नोव्हेंबरला उघडला. त्याच दिवशी साकोतांनी चार फास लावले. लावलेले फास रोज बघून यायचे असा नियम, म्हणून म्हातारा रोज सकाळी वर जायला लागला, आणि रोज नऊ वाजता, तो परत आल्याच्या अंदाजाने, मुनेकानेंचा फोन.

"घाई नाही काका. माहिती म्हणून विचारलं."

"नाही आज."

"ठीक. उद्या विचारतो. घाई नाही."

घाई होती. मुशी फ्रिजमध्ये होती.

तेवीस तारखेला सभागृहात म्हाताऱ्यांच्या रक्तदाबाची तपासणी होती. तीन दिवस आधीच्या व्यायामवर्गाला चहाचं पाणी तापवायला मोठी किटली आणली होती; तिची पिन लावायला जागा सापडेना, म्हणून कोणीतरी फ्रिजची पिन काढून तिथे किटली लावली होती. पुन्हा फ्रिजची पिन लावायचं कोणाच्या मनात आलं नाही. बाहेर थंडी, आत शेगडी. मुशीला तीन दिवस मिळाले.

नर्सबाई पहिल्या म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधत होती, तेवढ्यात वास आला. डोळ्यांतून पाणी काढणारा, नाकात सुई घातल्यासारखा. कोणीतरी "गॅस!" म्हणून ओरडलं. सव्वीस म्हातारे, त्यांतले सात काठीचे आणि दोन चाकाच्या खुर्चीचे, थंडीत मोटारी लावायच्या जागेत उभे राहिले. अग्निशामक दलाची गाडी आली, मुखवटे घातलेले दोघे आत गेले आणि यंत्राने हवा तपासू लागले. त्याच वेळी तेरुकी आपल्या मासळीच्या गाडीतून चालला होता. तो थांबला, दारात जाऊन एकदा नाक वर केलं.

"दाजी," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "गॅस नाही. तुमचा पाहुणा आहे."

त्या दिवशी मोजलेले सगळे रक्तदाब जास्त निघाले. हिरोनाकांचा सर्वांत जास्त, आणि त्यांनी तो कागद वर्षअखेरपर्यंत खिशात ठेवला. मुनेकानेंना नगर कार्यालयाने लेखी खुलासा मागितला, तीन प्रतींत. खुलाशात "प्रदर्शनवस्तू" लिहावं की "खाद्यपदार्थ" यावर त्यांचा एक दिवस गेला.

मुशी फेकायच्या आधी ती मोजणं भाग होतं. तेरुकीच्या दुकानामागे, नळाखाली, नाकाला फडकी बांधून त्यांनी फीत लावली. एक मीटर सहा सेंटिमीटर. वजन झालं. मग तेरुकीने सुरी चालवली आणि थांबला.

आत पिल्लं होती. नऊ. वीतभर लांबीची, हुबेहूब मुशी, पाठीवर काटेसुद्धा आलेले. प्रत्येकाच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी लोंबत होती.

"दोन वर्षं पोटात वागवते ही," तेरुकी म्हणाला. "पाण्यात दुसरं कोणी एवढे दिवस वागवत असेल असं मला नाही वाटत. आणि झाली की तोंडही बघत नाही, निघून जाते."

मुनेकानेंनी नऊही पिल्लं एका ओळीत मांडून मोजली. चिझुयो फडकी द्यायला आली होती, ती दारात उभी राहून बघत होती. कशालाही हात न लावता तिने नळावर बराच वेळ हात धुतले आणि घरी गेली.  मुनेकानेंनी तक्त्यात "पिल्लं" या रकान्यात नऊ लिहिलं, आणि एरवी कुठलीही नोंद झाली की वर शिक्का मारावासा वाटे, तसं त्यांना पहिल्यांदाच वाटलं नाही.

इथे माणसाने थांबावं. शहाणा माणूस थांबला असता. पण डावा रकाना भरलेला आणि उजवा कोरा असा कागद मुनेकानेंनी आयुष्यात कधी स्वीकारला नव्हता. शिवाय रक्तदाबाच्या दिवसापासून वाडीत लोक त्यांना बघून नाकाला हात लावत. निदान तक्ता पुरा झाला पाहिजे, असं त्यांना वाटत होतं. तेवढं झालं की सगळं फिटेल.

तीन डिसेंबरला पहिला बर्फ पडला. पहाटे पडला आणि उजाडता थांबला. त्या दिवशी मुनेकानेंनी नऊपर्यंत धीर धरला नाही. साडेसातलाच फोन केला. मासुनोने उचलला.

"आज नाही जायचे ते," ती म्हणाली. "मीच नको म्हटलंय."

"बरोबर आहे काकू. अगदी बरोबर. मी आपलं... बर्फावर ठसे छान उमटतात ना, म्हणून."

मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, "कोण गं? मुनेकाने का? दे इकडे." मग फोनवर, "काय म्हणतोस?"

"काही नाही काका. बर्फावर ठसे दिसतील, नाही का, एवढंच. पण आज राहू द्या."

"दिसतील," साकोता म्हणाले.  "दिसायला तर पाहिजेत."

दुपारी बारापर्यंत ते परत आले नाहीत. एक वाजता मासुनोने हिरोनाकांना फोन केला, हिरोनाकांनी अग्निशामक दलाच्या वाडीतल्या तुकडीला. अकरा माणसं वर गेली. मुनेकानेही गेले. त्यांना म्हाताऱ्याच्या वाटा ठाऊक नव्हत्या, पण खाली बसून राहणं शक्य नव्हतं. तीनच्या सुमारास पहिल्या फासापासून वरच्या अंगाला सुरूच्या बुंध्याला टेकून बसलेले साकोता सापडले. हातमोजे काढून मांडीवर नीट ठेवलेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले, फार वेळ लागला नसेल.

मुनेकानेंनी ते ऐकलं आणि मान हलवली. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण एका हातात फीत धरून डोंगर चढलो होतो. सकाळी खिशात घातली होती.

चौकीतला पोलीस तरुण होता, बदलून आलेला. घराबाहेर मेलेल्या माणसाची चौकशी करावी लागते, म्हणून त्याने मुनेकानेंना बसवलं आणि कागद पुढे ओढला.

"मृत व्यक्ती डोंगरात कशाला गेली होती?"

"ससा पकडायला."

"स्वतःसाठी?"

"नाही. माझ्यासाठी. मी मागितला होता."

"खायला?"

"मोजायला."

पोलिसाने लिहिलं. "मोजून काय करणार होतात?"

"तुलना."

"कशाशी?"

मुनेकानेंनी खाली पाहिलं. "मुशीशी."

पोलिसाने पेन टेबलावर ठेवलं. त्याने बराच वेळ मुनेकानेंच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे कुठे हसू आहे का ते शोधल्यासारखं. मग पेन उचलून हळू आवाजात म्हणाला, "मी इथे 'वैयक्तिक काम' असं लिहितो."

"नाही," मुनेकाने म्हणाले. "मी सांगितलं ते लिहा."

लोकांनी त्यांना दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं त्यांनी चिझुयोला सांगितलं. उलट सल्लेच आले. हिरोनाकांनी सांगितलं की अंत्यदर्शनाला जा, पण पहिल्यांदा जाऊ नका, शेवटीही जाऊ नका, मध्येच कुठेतरी मिसळा. महिला मंडळातल्या एकीने सांगितलं की माफी मागू नका, मागितली की तुमची चूक होती असं होतं. दुसरीने सांगितलं की नक्की मागा, नाहीतर चूक होती आणि मागितली नाही असं होतं.

मुनेकाने मध्येच मिसळले. उदबत्ती लावली, वाकले, आणि मासुनोसमोर गुडघ्यांवर बसून कपाळ चटईला टेकवलं. 

"रोज नऊला फोन यायचा तुमचा," मासुनो म्हणाली. "वैताग यायचा ह्यांना. पण पावणेनऊलाच फोनजवळ जाऊन बसायचे."

मुनेकाने उठले नाहीत.

"मी काही माफ-बिफ केलं म्हणणार नाही हं, मुनेकाने. मला नाही जमायचं ते. आणि माझा मुलगा उद्या ओसाकाला परत चाललाय, त्याला रजा नाही. तेव्हा ते कागदांचं तुम्ही बघा. तुम्हाला येतं ते."

तेवढं एक मुनेकानेंना खरोखर येत होतं. मृत्यूची नोंद, पेन्शन बंद करण्याचा अर्ज, विम्याचं कार्ड, शिकारीचा परवाना परत. चार दिवस ते मासुनोबरोबर त्या जुन्या खिडकीसमोर उभे राहिले. कोणता चौकोन रिकामा ठेवायचा, कुठे सही आणि कुठे शिक्का, हे बोट ठेवून दाखवत राहिले. पंचविशीतली मुलगी या वेळी "आजोबा" म्हणाली नाही. तिने उभी राहून कागद दोन्ही हातांनी घेतले.

परवाना परत करताना तिने विचारलं, "लावलेले फास काढून झालेत ना? काढावे लागतात."

ते कोणाच्याच ध्यानात नव्हतं. साकोतांच्या वहीत चार फासांचा नकाशा काढलेला होता. दुसऱ्या दिवशी मुनेकाने तेरुकीला घेऊन वर गेले.

पहिला रिकामा. दुसरा रिकामा. तिसऱ्यावर बर्फ साचलेला. चौथा कड्याच्या कडेला, जिथे जुन्या वादळात पडलेलं झाड होतं आणि त्यामुळे ऊन जमिनीपर्यंत पोचत होतं. तिथे थोडं गवत होतं. आणि फासात ससा होता.

मेलेला होता, गोठून लाकूड झालेला. तपकिरी, अंग ताणलेलं. तारेला साकोतांच्या नावाची आणि परवान्याच्या आकड्याची पट्टी लोंबत होती. केव्हा अडकला ते सांगता येत नव्हतं. सहा वर्षांत डोंगराने दिलेला हा पहिला ससा होता. कदाचित शेवटचाही.

 जत्रेपासूनचा एकही टोमणा तेरुकीजवळ शिल्लक नव्हता. तो म्हणाला, "पुरूया का इथेच?"

मुनेकाने बर्फात गुडघे टेकून बसले. त्यांना वाटत होतं की पुरावा. त्यांना असंही वाटत होतं की नाही पुरता येणार. म्हातारा आणि हा प्राणी, दोघे ज्याच्यापायी गेले ते मापच घेतलं नाही, तर मग ते गेले कशाला? उत्तर दोन्हीकडून वाईट होतं. त्यांनी फीत काढली. बोटं बधिर झाली होती, फीत दोनदा निसटली.

"तू लिही," ते म्हणाले. "डोकं ते शेपूट, एकावन्न. कान, साडेसात. मागचा पाय, चौदा."

तेरुकीने हाताच्या पंजावर पेनाने लिहून घेतलं.

फास ज्याचा, शिकार त्याच्या घरची. मुनेकानेंनी ससा कापडात गुंडाळून मासुनोकडे नेला. तिने कापड उघडलं, तारेची गाठ बोटांनी चाचपली. "गाठ त्यांचीच," ती म्हणाली. दुखवट्याचे एकोणपन्नास दिवस व्हायचे होते, घरात मांस चालणार नव्हतं. तिने ससा तसाच कापडासकट फ्रीझरमध्ये तळाला ठेवला आणि वर मटारची पिशवी ठेवली. "दिवस झाले की बघू."

प्रदर्शन वीस तारखेला झालं. मुनेकानेंनी तक्ता लावायचा नाही असं ठरवलं होतं. चिझुयोनेच सकाळी गुंडाळी काढून त्यांच्या हातात दिली. "एवढं झालं," ती म्हणाली, "आता घरात नको हा."

तक्ता भिंतीवर चढला. एका बाजूला महिला मंडळाची भरतकामं, दुसऱ्या बाजूला कोणाचे तरी चहाचे पेले. मुशी: पिल्लं देते, अंडी नाही. ससा: बीळ करत नाही. दोन्ही वाक्यं मुनेकानेंनी ठळक अक्षरांत लिहिली होती, आणि खाली लहान अक्षरांत, "या बाबतीत लिहिणाऱ्याचा पूर्वी गैरसमज होता." पिल्लांच्या निगेच्या रकान्यात मुशीपुढे "नाही" आणि सशापुढे "मादी दिवसातून एकदा येऊन दूध पाजते, थोडा वेळ." तळाला, मुशी पुरवणारे म्हणून तेरुकीचं नाव, आणि ससा पुरवणारे म्हणून "कै. साकोता उमेकिची."

लोक आले, पाहून गेले.  हिरोनाकांनी हात पाठीमागे बांधून पूर्ण वाचला आणि "हं" म्हणाले. रानडुकराचं नाव काढलं नाही. नाकाला हात कोणीच लावला नाही. मुनेकाने खुर्ची घेऊन कोपऱ्यात बसले होते, परीक्षेच्या निकालाला बसावं तसे. निकाल कोण लावणार, ते त्यांना आता कळलं होतं.

साडेतीनला मासुनो आली. काळे कपडे, हातात कापडी पिशवी. तिने चष्मा लावला आणि तक्त्याच्या अगदी जवळ जाऊन वरपासून वाचायला सुरुवात केली. एकेक ओळ, दोन्ही रकाने. सभागृहातले बाकीचे भरतकामाकडे बघायला लागले. मुनेकाने उठून तिच्यामागे दोन पावलांवर उभे राहिले.

गर्भाच्या काळावर तिचं बोट थांबलं. "दोन वर्षं?"

"हो."

"आणि मग सोडून जाते?"

"हो."

"हं." बोट खाली सरकलं. "ससा रोज येतो म्हणा."

"एकदाच. थोडा वेळ."

"थोडा वेळ का होईना." ती आणखी खाली गेली आणि तळाच्या ओळीशी थांबली.  मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"नाव चुकलंय," ती म्हणाली.

मुनेकानेंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"साकोतातलं पहिलं अक्षर. आमच्या घराण्यात त्याला डोक्यावर दोन ठिपके आहेत. तुम्ही एकच दिलाय. एका ठिपक्याचे साकोता ते पलीकडच्या खोऱ्यातले. आमच्यात आणि त्यांच्यात जाणं-येणंसुद्धा नाही."

एकाच उच्चाराचं आडनाव घराण्यागणिक एखाद्या ठिपक्याच्या फरकाने लिहिलं जातं, आणि अडतीस वर्षं मुनेकानेंनी हेच ठिपके मोजले होते. एक ठिपका कमी म्हणून माणसांना दहा किलोमीटरवरून परत पाठवलं होतं. दहा दिवसांपूर्वी मृत्यूच्या नोंदीत त्यांनी हेच अक्षर दोन ठिपक्यांनी, स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. इथे, भिंतीवर, जिथे सगळ्यांनी वाचलं, तिथे एकच.

"बदलतो," ते म्हणाले. "नवीन कागद आणून सगळं..."

"कशाला नवीन? ठिपकाच द्यायचाय ना? द्या."

त्यांनी टेबलावरचं जाड काळं पेन आणलं. टोपण काढायला वेळ लागला. उजव्या मनगटाला डाव्या हाताने धरून त्यांनी पेन कागदाला टेकवलं, आणि नको तितका वेळ टेकवून ठेवलं. शाई पसरली. पेन काढलं तेव्हा तिथे मटाराएवढा काळा डाग होता, बाकी अक्षरापेक्षा ठळक.

"मोठा झाला," मुनेकाने म्हणाले. 

मासुनोने मागे सरकून, डोळे बारीक करून पाहिलं.

"असू दे," ती म्हणाली. "लांबून दिसेल."